आज्ञापत्रांतील दारूखान्याची व्यवस्था

कोल्हापूरकर संभाजी महाराजांच्या आज्ञेनें १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं सिद्ध केलेल्या आज्ञापत्राचा विचार बहुधा राजनीतीच्या अंगानें होतो. दुर्गप्रकरणांत दारूखान्याविषयीं जो थोडका मजकूर आहे, त्याकडे येथें वाचकांचें लक्ष वेधण्याचें योजिलें आहे.

दारूखाना राहत्या घरांलगत नसावा. सदरेपासून अंतर राखून निराळा बांधावा व भोंवतीं निर्गुडीसारख्या झाडांचें दाट कुंपण असावें, असें अमात्य सांगतात. तळघरांत गच्च जमीन, तीवर माच, माचावर दारूचीं मडकीं. बाण व होके, म्हणजे हातगोळे, मात्र मधल्या घरांत. आठपंधरा दिवसांनीं हवालदारानें येऊन सर्व माल बाहेर काढवावा, त्यास उन्ह द्यावें व पुनः मुद्रा करून ठेवावा. राखणेचे लोक रात्रंदिवस जागे असावेत. परवानगीवांचून कोणी आसपास फिरकूं नये.

मावळांतला पाऊस पाहतां हें सर्व सर्दीच्या भयानें लिहिलें, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें. सर्दीसाठीं माच पुरे होती, मुद्रा कशाला? मुद्रा लागते ती माणसाच्या हाताविरुद्ध. शिवाय हें काम हलक्या नोकरावर न सोंपवितां गडाचा मुख्य जो हवालदार त्यासच दर पंधरवड्यास मडक्यांपाशीं उभें केलें आहे, ही गोष्ट आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते.

कोठार तटानजीक असल्यास काय होतें, हें १८१८ च्या जून महिन्यांत मालेगांवीं दिसलें. इंग्रजांच्या माऱ्यानें आंतील दारू उडाली, आंतल्या तटाचा सुमारें तीस फूट भाग खंदकांत कोसळला, आणि थोड्याच दिवसांत अरब शिबंदीनें किल्ला खालीं केला.

अमात्यांच्या वंशाची बावडा जहागीर ज्या मुलखांत, तेथेंच आज नेमबाजीची नवी परंपरा उभी आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं जगज्जेत्या झाल्या. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर रायफलचें कांस्यपदक मिळविलें. त्यांच्या मागोमाग अनेक तरुण या खेळाकडे वळले असतील, तर अमात्यांचा प्रश्न पुनः उभा राहतो. गडावरील दारू सरकारची होती. परवानाधारक नेमबाजाची रायफल पुष्कळदां त्याच्या घरींच असते, म्हणजे अमात्यांनीं नेमक्या वर्ज्य केलेल्या जागीं. तेथें ना अंतर, ना कुंपण, ना पहारा. मग उरतें इतकेंच: रायफल रिकामी करून, ती रिकामी आहे हें डोळ्यांनीं पाहून पोलादी कपाटांत बंद करावी, काडतुसें निराळ्या कुलुपांत ठेवावीं, आणि दोन्ही किल्ल्या परवानाधारकाखेरीज कोणाच्या हातीं पडूं देऊं नयेत. तळघर व मधलें घर हा अमात्यांचा भेद याहून फार निराळा नाहीं. किल्ली देव्हाऱ्यामागें ठेवून ती मुलांस ठाऊक नाहीं असें समजणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. घरांतल्या मुलांनीं ती जागा आम्हांस पहिल्याच भेटींत दाखविली होती.