मत बदललेला माणूस

आमच्या घरच्या मंडळींना नानाकाका आठवतच असतील. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. नानाकाका बँकेत कारकून, युनियनचे खंदे कार्यकर्ते आणि सोव्हिएत रशियाचे निस्सीम भक्त. लोकवाङ्मय गृहातून आणलेली स्वस्त रशियन पुस्तकं आणि तिकडची ती गुळगुळीत कागदाची मासिकं त्यांच्या खोलीत रचून ठेवलेली असायची. त्या मासिकांच्या पानांची कव्हरं आम्ही भावंडं शाळेच्या वह्यांना घालायचो.

१९९१ साली सोव्हिएत युनियन संपलं. त्यानंतर दोनेक वर्षांनी, गणपतीत सगळे जेवायला बसलेले असताना, कुणीही विषय काढलेला नसताना नानाकाका म्हणाले, "एक सांगू का? माझं चुकलं. हंगेरीबद्दल, प्रागबद्दल दादा सांगत होता तेव्हा मी ऐकून घ्यायला हवं होतं."

क्षणभर पंगत गप्प झाली. मग आमचे बाबा म्हणाले, "वा नाना! तीस वर्षं आमचं डोकं खाल्लंस आणि आता मारलीस का कोलांटउडी?" सगळे हसले. मी कॉलेजात होतो, मीही हसलो. नानाकाकाही हसले आणि भात कालवायला लागले. त्यानंतर त्यांना राजकारणावर बोलताना मी कधी ऐकलं नाही.

हे सगळं पुन्हा वर आलं ते टोनी जट या इतिहासकारामुळे. (स्पेलिंग बघून मी बरीच वर्षं 'जुड्ट' म्हणत होतो. असो.) युरोपातल्या विचारांचा आणि राजकारणाचा इतिहास लिहिणारा हा माणूस. त्याची पुस्तकं मी उलट्या क्रमाने वाचली, म्हणजे शेवटचं आधी आणि पहिली नंतर. तसं वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसत गेली. या माणसाने आयुष्यात मोठमोठी मतं बदलली, आणि तरी त्याला कोलांटउडी म्हणवत नाही. ते का, याचा विचार करत होतो. तोच इथे मांडतोय.

जटचा जन्म १९४८ चा, लंडनच्या ईस्ट एंडमधला. आईवडील ज्यू, दोन्हीकडची घराणी पूर्व युरोपातून पोट भरायला पश्चिमेकडे सरकत आलेली. घरच्यांचा केस कापण्याचा धंदा, पटनी भागात खाली सलून आणि वर बिऱ्हाड. शालेय शिक्षण पुरं करून विद्यापीठात गेलेला घरातला हा पहिलाच. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला, पुढे पॅरिसच्या एकोल नॉर्माल स्युपेरियरमध्येही तो राहून आला आणि १९७२ साली डॉक्टरेट झाला.

पण त्याआधीच त्याचं पहिलं मतपरिवर्तन होऊन गेलं होतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो झायोनिस्ट युवक चळवळीत शिरला. सुट्ट्यांमध्ये इस्रायलला जाऊन किबुत्झवर, म्हणजे तिथल्या सामूहिक शेतीवर, राबायचा. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर गोलन टेकड्यांवर स्वयंसेवक म्हणून त्याने ड्रायव्हर आणि दुभाष्याचं काम केलं. तिथे त्याला भेटलेले सैनिक काही किबुत्झच्या स्वप्नातले शेतकरी नव्हते. हरलेल्या अरबांबद्दल त्यांच्या बोलण्यात उघड तुच्छता होती. एकोणीस वर्षांचा हा पोरगा इंग्लंडला परतला तो भ्रम फिटूनच. मागच्या पिढीच्या डोक्यातला समाजवाद मात्र त्याच्यासोबत होता.

तोच समाजवाद मग त्याचा अभ्यासविषय झाला. पहिली पुस्तकं फ्रान्सच्या डाव्या चळवळीवर. १९७९ सालच्या पुस्तकात तो फ्रान्सच्या दक्षिणेतल्या प्रोव्हान्सचे शेतकरी समाजवादी का झाले हे शोधत जातो. द्राक्षाचे मळे, गावातले क्लब, कर्ज, बाजारभाव, मतदानाचे आकडे असं सगळं बारीक काम. त्याच वर्षी त्याने आपल्याच पिढीच्या सामाजिक इतिहासकारांवर एक झणझणीत लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा की तुम्ही लोक राजकारण गाळून समाजाचा इतिहास लिहिताय, आणि राजकारण गाळलं की उरतो तो नुसता रंगीत तपशील. करिअरच्या सुरुवातीलाच ज्येष्ठांना असं अंगावर घेणं म्हणजे... आपल्याकडच्या कुठल्याही विद्यापीठात काय झालं असतं ते मी सांगायला नको!

आता दुसरं वळण. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, तिशी उलटलेली, ऑक्सफर्डात शिकवत असताना हा माणूस चेक भाषा शिकायला बसला. चाळिशीच्या आसपासच्या अस्वस्थतेवर मी हा इलाज शोधला, असं तो स्वतःच गमतीने सांगायचा. पण त्या भाषेने त्याचा नकाशाच बदलला. तोपर्यंत त्याच्या लेखी युरोप म्हणजे पॅरिस. आता प्राग, वॉर्सा आणि बुडापेस्टची माणसं त्याच्याशी बोलायला लागली. कम्युनिस्ट राजवटीत नोकऱ्या गेलेली, तुरुंग पाहिलेली, पॅरिसच्या कॅफेतल्या मार्क्सवादाकडे थकल्या डोळ्यांनी बघणारी माणसं. आपण वीस वर्षं ज्या चर्चांचा अभ्यास केला, त्या चालू असताना अर्ध्या युरोपात काय चाललं होतं, हे आपण विचारलंच नाही, हे त्याच्या लक्षात आलं.

त्यातून १९९२ साली 'पास्ट इम्पर्फेक्ट' आलं. १९४४ ते १९५६ या काळातल्या फ्रेंच विचारवंतांवरचं पुस्तक. १९५२ साली प्रागमध्ये स्लान्स्की खटला झाला. चौदा आरोपी, सगळे कम्युनिस्ट पक्षाचेच मोठे लोक, त्यातले अकरा ज्यू. पढवलेले कबुलीजबाब कोर्टात घेतले गेले आणि अकरा जणांना फाशी झाली. अशा वेळी सार्त्र आणि त्यांच्या वर्तुळातले लोक काय म्हणत होते, कशाकडे डोळेझाक करत होते, हे जटने एकेक कागद काढून दाखवलं. पुस्तक कठोर आहे. मला तर काही ठिकाणी ते इतिहासकारापेक्षा सरकारी वकिलाचं वाटतं. पण सहा वर्षांनी त्याने जोडीचं पुस्तक लिहिलं, लेओं ब्लुम, अल्बेर कामू आणि रेमों आरों या तिघांवर. आपापल्या गोटातल्यांना नको असलेलं बोलले आणि त्यापायी एकटे पडले, असे हे तिघं. एका पुस्तकात चुकलेले आणि दुसऱ्यात एकटे पडलेले. दोन्ही शेजारी ठेवून वाचली की कळतं, हा माणूस स्वतःसाठीही काहीतरी शोधत होता.

१९८७ पासून तो न्यूयॉर्क विद्यापीठात होता आणि १९९५ साली त्याने तिथे युरोपच्या अभ्यासासाठी रेमार्क इन्स्टिट्यूट उभी केली. त्याच्या सगळ्यात मोठ्या पुस्तकाचं बीज मात्र पडलं डिसेंबर १९८९ मध्ये, व्हिएन्नाच्या रेल्वे स्टेशनवर. प्रागमध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळताना पाहून तो आला होता आणि पुढची गाडी पकडायची होती. तिथे त्याच्या डोक्यात आलं की १९४५ नंतरच्या युरोपचा जो इतिहास आपण आजवर सांगत आलो तो आता मुळापासून पुन्हा लिहावा लागणार. 'पोस्टवॉर' छापून आलं २००५ साली. पूर्व आणि पश्चिम एकाच कथेत गुंफणारं, सुमारे नऊशे पानांचं पुस्तक. (दोन पावसाळे लागले मला. घरच्यांनी आशा सोडली होती.)

त्या पुस्तकाचा शेवट मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. युद्धानंतर युरोप उभा राहिला तो बऱ्याच अंशी विसरण्याच्या बळावर, असं जट म्हणतो. उदाहरण फ्रान्सचंच घ्या. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये तेरा हजारांवर ज्यूंची धरपकड झाली, ती फ्रेंच पोलिसांनी केली. पण यात फ्रान्सची जबाबदारी होती हे राष्ट्राध्यक्ष म्हणून उघडपणे मान्य केलं जाक शिराक यांनी, १९९५ साली. त्रेपन्न वर्षं! 'आमचं चुकलं' एवढं म्हणायला एका देशाला अर्धशतक लागलं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. आमच्या पंगतीत तेच वाक्य एका माणसाने स्वतःहून उच्चारलं होतं, आणि आम्ही त्याचं काय केलं?

तिसरं वळण सगळ्यात महाग पडलं. ऑक्टोबर २००३ मध्ये जटने एका लेखात लिहिलं की इस्रायल-पॅलेस्टाईनमध्ये दोन राष्ट्रांचा तोडगा आता संपल्यात जमा आहे, ज्यू आणि अरबांचं एकच सामाईक राज्य असावं असा विचार करायला हवा. एकेकाळचा किबुत्झवाला हे म्हणतोय! गदारोळ उठला. 'द न्यू रिपब्लिक' या नियतकालिकाच्या संपादकवर्गातून त्याचं नाव गेलं. २००६ साली न्यूयॉर्कच्या पोलिश वकिलातीत ठरलेलं त्याचं व्याख्यान ऐनवेळी रद्द झालं. त्याचा तोडगा बरोबर की चूक यावर वाद आहे आणि राहील. माझा मुद्दा तो नाही. या वळणावर त्याला मिळवायचं काहीच नव्हतं, गमवायचं मात्र बरंच होतं, हा आहे.

२००३ मध्येच त्याने एरिक हॉब्सबॉम या थोर मार्क्सवादी इतिहासकारावरही टीका केली होती. हॉब्सबॉम १९३६ साली कम्युनिस्ट पक्षात गेले आणि १९९१ मध्ये ब्रिटनमधला पक्षच विसर्जित होण्याच्या थोडं आधीपर्यंत त्यांनी तो सोडला नाही. आपल्या भाषेत अशा माणसाला 'निष्ठावंत' म्हणतात, कौतुकाने. आणि जो बदलतो त्याच्यासाठी शब्द बघा आपल्याकडे : कोलांटउडी, घूमजाव, पलटी, दलबदलू. 'मतपरिवर्तन' आहे खरा, पण तो अग्रलेखातला, घरात कोणी वापरत नाही. विचारपूर्वक मत बदलणाऱ्याला जेवणाच्या पानावर म्हणता येईल असा एकही प्रेमाचा शब्द आपल्याकडे नाही.

२००८ मध्ये जटला एएलएस हा आजार असल्याचं निदान झालं. यात स्नायू एकेक करून निकामी होतात, मेंदू मात्र शाबूत राहतो. ऑक्टोबर २००९ मध्ये व्हीलचेअरवर, श्वासासाठी नाकाला नळी लावून, मानेखाली काहीही हलत नसताना त्याने शेवटचं मोठं व्याख्यान दिलं. विषय होता समाजवादी लोकशाहीचा, म्हणजे सरकारी शाळा, दवाखाने, रेल्वे, पेन्शन यांचा. हे आपण क्षुल्लक समजून मोडीत काढतोय असं त्याचं सांगणं होतं. म्हणजे मार्क्सवादाची इतकी चिरफाड करूनही तो दुसऱ्या टोकाला जाऊन बाजारपेठेचा भक्त झाला नव्हता. वडिलांच्या पिढीचं जे खरं होतं ते त्याने जपलं होतं.

रात्री एकट्याने निश्चल पडून राहावं लागे तेव्हा तो आठवणींचे लेख डोक्यातच रचायचा. लहानपणी सुट्टीत स्वित्झर्लंडमधल्या ज्या छोट्या हॉटेलात घरचे गेले होते, त्याच्या खोल्यांमध्ये एकेक परिच्छेद मनाने ठेवून द्यायचा आणि सकाळी क्रमाने उचलून मजकूर सांगायचा. ते पुस्तक, 'द मेमरी शॅले', तो ६ ऑगस्ट २०१० रोजी न्यूयॉर्कमध्ये गेल्यानंतर काही महिन्यांनी आलं. वय होतं ६२. त्या लेखांत किबुत्झवरचा तो भारावलेला पोरगा भेटतो. जट त्याला हसतो, पण हाकलून देत नाही.

मला वाटतं फरक इथे आहे. कोलांटउडी मारणारा कालचा स्वतः लपवतो. जट त्याला सोबत घेऊन चालला, आणि आधी काय मानत होतो, ते का मानत होतो, कशाने डोळे उघडले, हे सांगत गेला.

नानाकाकांना त्या दिवशी तेच सांगायचं असावं. 'माझं चुकलं' हे पहिलं वाक्य होतं, पुढे बरंच असणार. तीस वर्षं युनियनचं काम केलेल्या माणसाला त्यातलं काय टाकायचं आणि काय ठेवायचं याचा हिशोब करायचा असणार. आम्ही पहिल्याच वाक्याला हसलो आणि तो हिशोब आत राहिला. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मासिकं रद्दीत गेली, पुस्तकांचा एक खोका माझ्याकडे आहे.

गेल्या महिन्यात माझी मुलगी एका विषयावर दोन वर्षं माझ्याशी भांडून अचानक म्हणाली, "बाबा, मला आता तसं नाही वाटत." जिभेच्या टोकावर आलं होतं, "काय, मारलीस पलटी?" गिळलं. म्हटलं, "बस. सांग, काय झालं?"

चहा दोनदा गार झाला. पण ऐकलं सगळं.