आपत्ती-पूर्वसूचना : ठाणे व कल्याण-डोंबिवली

अतिवृष्टी, पूर, उधाण, दरड, वादळ अशा संकटांची चाहूल आधी घेऊन ती लोकांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत तिचा मुख्य संबंध पावसाळ्याशी, त्यातही उल्हास नदीशी येतो. म्हणून या नोंदीत नदीला झुकते माप आहे.

भूरचना : उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूरवरून कल्याणला येते. टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी तिलाच मिळते. खाली बारवी मिळते, आणि भातसा पोटात घेतलेली काळूही. कल्याणपासून पुढे पात्र खाडीचे होते. तेथे पाणी किती चढेल हे पावसाइतकेच भरतीवर ठरते. घाटात कोसळलेला पाऊस कल्याणला पोहोचायला काही तास लागतात, आणि पूर्वसूचनेला हाती असलेला वेळ तेवढाच. वालधुनीचे तसे नाही. अंबरनाथजवळच्या डोंगरांतून निघून उल्हासनगरमार्गे कल्याणला येणारी ही आखूड नदी दाट वस्तीतून वाहते. ती पाहता पाहता फुगते आणि तितक्याच लवकर ओसरते.

पूर्वपीठिका : गावात नदी चढली की कोतवालाने दवंडी पिटायची आणि पोलीस पाटलाने वर कळवायचे, ही जुनी रीत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला, कुलाब्याला मात्र 73 मिमी. एकाच महानगरातल्या या तफावतीने दोन-तीन केंद्रांवर विसंबण्यातला धोका उघड झाला. त्या पावसाने महाराष्ट्रात हजाराहून अधिक माणसे दगावली. त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अभ्यास मुख्यतः मुंबईचा होता. त्यानंतर स्वयंचलित पर्जन्यमापकांचे जाळे उभे राहिले तेही प्रथम मुंबईत. 2005 च्याच डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्यानुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात.

इशाऱ्याचे रंग : भारत हवामान विभाग जिल्हावार हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल असे इशारे देतो. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिमी पाऊस ‘जोरदार’, 204.4 मिमीपर्यंत ‘अति जोरदार’ आणि त्यावर ‘अतिवृष्टी’ समजला जातो. रंग मात्र पावसाचे माप नव्हे. पावसाची शक्यता आणि त्याचा संभाव्य परिणाम यांचा मेळ घालून तो ठरतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बोलीत ‘रेड अलर्ट’चा अर्थ शाळेला सुट्टी एवढाच उरला आहे, आणि ऊन पडलेल्या सुट्टीच्या दिवशी हवामान खात्याची चेष्टा ठरलेली. दुसरी अडचण जिल्ह्याच्या आकाराची. शहापूर-मुरबाडचे घाट आणि घोडबंदरची खाडी एकाच रंगात येतात. तीन तासांपुरता तात्कालिक अंदाजही जिल्ह्याच्याच नावाने निघतो. मुंबईसाठी 2020 मध्ये ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली सुरू झाली. कोणत्या भागात किती पाणी साचेल हे सांगणे हा तिचा हेतू. उल्हास खोऱ्याला अशा सेवेची गरज मुंबईहून कमी नाही.

नदीची पातळी : बदलापूरच्या पुलाजवळ इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोका पातळी 17.50 मीटर मानतात. पावसाळ्यात हे आकडे स्थानिक बातम्यांत तासातासाला येतात. जाणत्या रहिवाशाचा प्रश्न “किती मिमी?” असा नसतो, “पूल किती झाला आणि कर्जतला पडतोय का?” असा असतो. बदलापुरातल्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी त्यामुळेच आवडीने वाचल्या जातात. मिलिमीटरचे भाषांतर तळमजल्यावरच्या पायरीत करून देणे हे पूर्वसूचनेचे निम्मे काम आहे, असे प्रस्तुत संपादकाचे मत.

बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. उंची वाढवल्यानंतर ते 72.60 मीटरला भरते, आणि दरवाजे स्वयंचलित असल्याने त्या पातळीला आपोआप उघडतात. दरवाजा माणसाची वाट पाहत नाही. साहजिकच धरण भरत आले की इशारा आधीच द्यावा लागतो. चोण, रहाटोली, चांदप, आस्नोली यांसारख्या नदीकाठच्या गावांना तो दिला जातो. पुराच्या काळात या विसर्गाचा वाटा किती आणि निळ्या-लाल पूररेषांतील बांधकामांचा किती, याविषयी मतभेद आहेत.

महालक्ष्मी एक्सप्रेस (2019) : 26 जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली ही गाडी 27 ला पहाटे बदलापूर-वांगणी दरम्यान, चामटोलीजवळ पुरात अडकली. गाडीत सुमारे 1,050 प्रवासी होते. गाडीतच सुरक्षित आहात, खाली उतरू नका, असे आवाहन मध्य रेल्वेने केले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी, नौदल व हवाई दलाची मदत आणि ग्रामस्थांची धावपळ यांमुळे दुपारपर्यंत सर्वांची सुखरूप सुटका झाली. रुळाभोवती वाढणारे पाणी दिसत असताना डब्यातच थांबा हे सांगणे आणि ऐकले जाणे, दोन्ही अवघड. अंधारात प्रवाशांनी उड्या टाकल्या असत्या तर चित्र वेगळे असते. गाडी त्या भागात सोडावी का, हा निर्णय मात्र पूर्वसूचनेच्या आधारे आधीच घ्यायचा असतो. त्याची चर्चा बचावाच्या कौतुकात मागे पडली.

प्रसाराची साधने : जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक, ठाणे महापालिकेचा प्रादेशिक आपत्ती व्यवस्थापन कक्ष व आपत्ती प्रतिसाद दल (टीडीआरएफ), रिक्षावर भोंगा लावून सखल भागात दिलेली सूचना. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे ‘सचेत’ ॲप आहे. 2023 मध्ये सेल ब्रॉडकास्टच्या चाचण्या झाल्या, तेव्हा अनेकांचे फोन एकाच वेळी कर्कश वाजले आणि बरेच जण दचकले. या पद्धतीत मोबाइल क्रमांकांची यादी लागत नाही. मनोऱ्याच्या टप्प्यातल्या फोनना संदेश जातो. ज्याचा फोन बंद आहे किंवा ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी अजून भोंगा आणि शेजारीच. व्हॉट्सॲपवर फिरणारी गेल्या वर्षीची चित्रफीत ही उलट बाजू: तारीख नसलेला इशारा खऱ्या इशाऱ्याचीही पत घालवतो.

दरडी : मुंब्रा, कळवा येथील डोंगरउतारांवरची वस्ती. कळव्याच्या घोलाईनगरात जुलै 2021 मध्ये दरड कोसळून मृत्यू झाले. पावसाळ्यापूर्वी घरे रिकामी करण्याच्या नोटिसा हाच येथे मुख्य इशारा. पर्यायी निवारा नसेल तर त्यांचा उपयोग मर्यादित.

वादळ : निसर्ग (3 जून 2020) व तौक्ते (मे 2021) यांचे इशारे वेळेवर मिळाले.

वीज : पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप.

भूकंप : कधी होईल हे आधी सांगता येत नाही.

डोंबिवली औद्योगिक वसाहतीतील स्फोट (मे 2016, मे 2024) मानवनिर्मित असल्याने या नोंदीत घेतलेले नाहीत.