पीएमआर-१५ आणि एपिंगचा पाव

कार्बन फायबर म्हटलं की सायकल, रॅकेट, विमानाचे पंख आठवतात. पण फायबर म्हणजे नुसते धागे. त्यांना धरून ठेवतं ते रेझिन. नेहमीचं इपॉक्सी रेझिन जेट इंजिनाजवळच्या उष्णतेत मऊ पडतं. पॉलिइमाइड टिकतं, पण सुरुवातीची पॉलिइमाइड भाजताना आतून वाफ निघायची आणि पोकळ्या राहायच्या. ढोकळ्याला जाळी पडली तर आपण खूश, इंजिनाच्या भागाला पडली तर तो भाग बाद!

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या क्लीव्हलंडमधल्या लुईस केंद्रात (आताचं ग्लेन) टिटो सेराफिनी, पीटर डेल्विग्स आणि जॉर्ज लाइट्सी यांनी यावर तोड काढली. तीन रसायनं मिथेनॉलमध्ये विरघळवून धाग्यांत मुरवायची. आधी मंद आचेवर पाणी आणि मिथेनॉल उडू द्यायचं. मग दाबाखाली सुमारे ३१५ अंश सेल्सिअसला रेणूंची टोकं एकमेकांत गुंततात, आणि तेव्हा बाहेर पडायला फारसं काही उरलेलंच नसतं. नाव पडलं पीएमआर-१५; यातला १५ म्हणजे १५०० हा ठरवलेला रेणुभार. तयार भाग २८८ अंशांत हजारो तास ताकद टिकवतो. एफ-४०४ या लढाऊ विमानाच्या इंजिनात बाहेरच्या बायपास डक्टसाठी त्यानं टायटॅनियमची जागा घेतली.

तापणं-थंडावणं वारंवार झालं की त्यात बारीक तडे जातात, हा एक दोष. पण माझ्या मते खरी किंमत वेगळीच होती. त्या तिघांतलं एक रसायन एमडीए.

१९६५ साली इंग्लंडमधल्या एपिंग गावात ८४ जणांना कावीळ झाली. साथीचा ताप नव्हता. व्हॅनमध्ये सांडलेलं एमडीए शेजारच्या पिठाच्या पोत्यात झिरपलं होतं आणि त्याच पिठाचे पाव गावानं खाल्ले होते. म्हणजे यकृताला होणारा अपाय पीएमआर-१५च्या जन्माआधीच माहीत होता. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कर्करोगाचीही भीती पुढे आली. अमेरिकेत १९९२ साली कारखान्यातल्या हवेसाठी मर्यादा ठरली: एक अब्ज भागांत १० भाग.

एमडीएशिवायची रेझिनं तेव्हापासून शोधली जात आहेत, काही सापडलीही. पण उष्णता, ताकद, सोपेपणा आणि भाव हे चारही एकत्र जुळवणं अवघड. नीट भाजलेल्या भागात एमडीए साखळीत बांधलं गेलेलं असतं. धोका असतो तो भट्टीच्या आधी, रेझिन मुरवलेले चिकट थर हातानं साच्यात रचणाऱ्या कामगाराला. कारण एमडीए कातडीतूनही शरीरात जातं.