काळा मासा वाईट का?



काळ्या-पांढऱ्या दोन माशांचं ते गोल चिन्ह तुम्ही पाहिलं असेलच. परवा नातीच्या वहीवर होतं. तिनं विचारलं, "आजी, यातला काळा म्हणजे वाईट का गं?" उत्तर येईना, म्हणून वाचायला बसले.

मूळ अर्थ अगदी साधा निघाला. डोंगराची सावलीतली बाजू म्हणजे यिन, उन्हातली यांग. नदीचा उत्तरेकडचा काठ उन्हाचा, म्हणून लुओ नदीच्या उत्तरेला वसलेलं शहर लुओयांग. डोंगर एकच, बाजू दोन. चांगलं-वाईट त्यात कुठेच नाही.

ताओ मताचा 'ताओ ते चिंग' हा ग्रंथ 81 छोट्या प्रकरणांचा. परंपरेनं तो लाओ त्सेचा मानतात. 1993 साली चीनच्या हुबेई प्रांतात एका थडग्यात त्यातला काही भाग बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला सापडला. ते थडगं इ. स. पूर्व 300 च्या सुमाराचं. यिन-यांग हे शब्द या ग्रंथात एकदाच येतात, 42व्या प्रकरणात. पण विरुद्ध गोष्टी एकमेकींच्या आधारानं उभ्या असतात, हा विचार जागोजागी आहे. मातीचं भांडं उपयोगी पडतं ते आतल्या पोकळीमुळे, हे वाचल्यावर मी ओट्यावरच्या पातेल्याकडे बघतच राहिले.

मग खालचं-वरचं आलं कुठून? हान राजवटीत, इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात, डोंग झोंगशू या कन्फ्यूशियसपंथी विद्वानानं यांगला श्रेष्ठ आणि यिनला कनिष्ठ ठरवलं. नवरा यांग, बायको यिन! समतोलाची उतरंड झाली. पुढे भावाचा अपुरा राहिलेला हान राजवटीचा इतिहास पुरा करणारी विदुषी बान झाओ हिनंही बायकांसाठीच्या पुस्तकात नमतं घेणं हाच स्त्रीचा गुण सांगितला. मात्र त्याच पुस्तकात मुलींनाही मुलांसारखं शिकवा, असं तिनं बजावलं.

मी बी.कॉम. झालेली. आमच्या हिशेबात नावे आणि जमा अशा दोन बाजू. नावेची बाजू हलकी असं कुठलाच हिशेबनीस म्हणत नाही. दोन्ही जुळल्या तरच तेरीज जुळते.

नातीला म्हटलं, "काळा मासा वाईट नाही गं. त्याचा डोळा बघ, पांढरा आहे. पण कुणी एकाला वर आणि एकाला खाली बसवलं, तर कुणी बसवलं ते विचारायचं."