कमळाची भावकी आणि सशाचे रक्त

कमळ आणि चिनार एका भावकीतले आहेत, असे म्हटले तर कोणालाही थट्टा वाटेल. एक चिखलात रुजून पाण्यावर डोलणारे, दुसरा काश्मीरचा अवाढव्य वृक्ष. तरीही जनुकांचा पुरावा सांगतो की कमळाचे आजचे सर्वांत जवळचे नातलग म्हणजे चिनाराचे आणि आपल्या बागांच्या कडेने लावल्या जाणाऱ्या सिल्व्हर ओकचे कूळ. त्याच तळ्यात फुलणारे कुमुद, म्हणजे वॉटर लिली, कमळापासून फार दूरचे आहे. या निवाड्याचे श्रेय सरसकट डीएनएच्या खात्यावर जमा होते. माझ्या मते त्या तंत्राची कुळकथा निदान अर्धे शतक आधी, सशाच्या रक्तापासून सुरू होते आणि कमळाचे प्रकरण हाच त्याचा उत्तम पुरावा आहे.

जुन्या वर्गीकरणाचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो. लिनिअसने १७५३ मध्ये कमळाला कुमुदाच्याच प्रजातीत घातले. गेर्टनरने १७८८ मध्ये त्याला आजचे ‘नेलुम्बो न्युसिफेरा’ हे नाव दिले. तरी १९८१ मध्येसुद्धा क्रॉनक्विस्टसारख्या मातब्बराने कमळाला कुमुदांच्याच गणात ठेवले. वास्तविक डोळ्यांना दिसणारे फरकही कमी नव्हते. कुमुदाच्या तरंगत्या पानाला देठापर्यंत खाच असते; कमळाचे पान अखंड गोल, देठ त्याच्या मधोमध जडलेला, आणि पान पाण्याच्या वर उचललेले. कमळाच्या फुलात मध्यभागी झारीच्या तोंडासारखा चपटा भाग असतो आणि त्याच्या एकेका खळगीत एकेक बी सुटे बसते. सूक्ष्मदर्शकाखाली तर भेद आणखी ठळक होतो: कमळाच्या परागकणावर तीन चिरा असतात, चिनाराच्याही असतात; कुमुदाच्या परागकणावर तशा तीन चिरा नसतात. पण पाण्यातले राहणे, मोठी फुले, गोल पाने यांचा प्रभाव इतका जबर, की बारक्या खुणांना अपवाद म्हणून बाजूला सारले गेले.

रूपाला बगल देऊन शरीरातल्या द्रव्यालाच नाते विचारायचे, ही कल्पना आली रक्तशास्त्रातून. १८९७ मध्ये रुडोल्फ क्राउसने दाखवले की एखाद्या प्रथिनाची सवय लागलेल्या प्राण्याचे सीरम त्या प्रथिनाशी मिसळले की साका धरतो. १९०४ मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज नटॉलने प्राण्यांच्या रक्तावर हजारो चाचण्या करून याच साक्यावरून नाती जोडली. क्योनिग्सबर्गच्या कार्ल मेझने ही युक्ती वनस्पतींकडे वळवली. बियांचा अर्क सशाला टोचायचा, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होऊ द्यायची, मग सीरम काढून त्यात दुसऱ्या वनस्पतीचा अर्क घालायचा आणि गढूळपणा किती येतो ते पाहायचे. जितका साका दाट, तितके नाते जवळचे. १९२६ मध्ये मेझ आणि झीगेनश्पेक यांनी या पद्धतीवर वनस्पतींचा अख्खा वंशवृक्षच मांडला. बर्लिनच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मात्र त्याला कडाडून विरोध केला; तसेच प्रयोग करून त्यांना तसे निष्कर्ष मिळेनात. वाद इतका विकोपाला गेला की पद्धतीचीच अब्रू गेली.

इथे प्रतिपक्ष म्हणेल की आजच्या तंत्राचा खरा जनक हा फसलेला वंशवृक्ष कसा? झुकरकँडल आणि पॉलिंग यांनी १९६५ मध्ये रेणू हेच उत्क्रांतीचे दस्तऐवज असल्याचे मांडले; आरंभ तिथून धरावा. शिवाय सीरम फक्त ‘किती जवळ’ एवढेच सांगते. कोणता बदल कुठल्या फांदीवर झाला, ते सांगत नाही. हा दुसरा आक्षेप रास्तच आहे. पण दोनच वर्षांनी, १९६७ मध्ये, सारिच आणि विल्सन यांनी माणूस आणि आफ्रिकी वानरांची फारकत सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी झाली असे काढले, ते सीरमच वापरून. म्हणजे नवा विचार आणि जुने हत्यार हातात हात घालूनच चालत होते. आणि निर्णायक गोष्ट ही, की १९७० च्या सुमारास जे. पी. सायमन यांनी कमळ आणि कुमुदांच्या प्रथिनांची सीरमने तुलना केली, तेव्हाच या दोघांचे फारसे जुळत नसल्याचे दिसले. डीएनएचा निकाल यायला अजून वीस वर्षे होती.

डीएनएचे टप्पे परिचित आहेत: १९८० मध्ये मक्याच्या आरबीसीएल जनुकाचा क्रम, १९८२ मध्ये टोमॅटोच्या भाईबंदांची हरितलवकाच्या डीएनएवरून लावलेली नाती, मग डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर तंत्रामुळे आलेला वेग. आरबीसीएलची निवड होण्यालाही कारण होते. प्रकाशसंश्लेषणाचे मुख्य प्रथिन बनवणारे हे सुमारे १४०० अक्षरांचे जनुक हिरव्या वनस्पतींत सर्वत्र असते, सावकाश बदलते आणि पानातून सहज मिळते. १९९१ मध्ये लेस आणि सहकाऱ्यांनी त्यावरून कमळाला कुमुदांपासून वेगळे काढले; १९९३ मध्ये मार्क चेस यांच्यासह ४२ लेखकांनी ४९९ क्रमांचा वृक्ष प्रसिद्ध केला, त्यात कमळ चिनाराशेजारी बसले. पण त्याच वृक्षाने सेराटोफायलम या झुपकेदार पाणवनस्पतीला सर्व सपुष्प वनस्पतींच्या मुळाशी बसवले होते. १९९९ मध्ये अनेक जनुके एकत्र तपासल्यावर ती जागा न्यू कॅलेडोनियाच्या आम्बोरेला या झुडपाकडे गेली. मेझची आणि आरबीसीएलची खोड एकच: एकाच साक्षीवर सगळा निकाल.

मग कमळाच्या निकालावर तरी विश्वास का ठेवायचा? हरितलवक बहुधा आईकडूनच येते, म्हणजे आरबीसीएलमध्ये वंशाची एकच बाजू उमटते, हा आक्षेप खरा आहे. उत्तर असे की इथे एकमेकांशी संगनमत नसलेले साक्षीदार एकच गोष्ट सांगतात: परागकणाच्या चिरा, बियांतली प्रथिने, हरितलवकाची जनुके, पुढे केंद्रकातली जनुके. सेराटोफायलमला असा पाठिंबा मिळाला नाही, म्हणून ते हलले; कमळ जागचे ढळले नाही. नाते असूनही रूप का जुळत नाही, याचेही कारण देता येते. ही फारकत दहा कोटी वर्षांहून जुनी आहे आणि मधल्या बहुतेक फांद्या नष्ट झाल्या असाव्यात. उरलेली टोके परकी दिसणारच. १९९८ मध्ये एपीजी या गटाने सपुष्प वनस्पतींचे वर्गीकरण नव्याने मांडले आणि कमळ, चिनार, सिल्व्हर ओक यांना एका गणात घेतले. त्या निर्णयात डीएनएचा वाटा सर्वांत मोठा, हे मान्य. पण वनस्पतींच्या द्रव्याला नाते विचारण्याची रीत क्योनिग्सबर्गची आणि एका साक्षीवर न विसंबण्याचा पहिला धडाही तिथल्याच फजितीचा. वंशावळ लिहायची तर हरलेल्या पूर्वजाचे नाव गाळून चालत नाही.