जेऊरचे ग्रहण आणि अनोळखी रेषा

इंदापूर सोडून भीमा ओलांडली की सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे रेल्वे-स्थानक फार दूर राहत नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी तेथून खग्रास सूर्यग्रहण सुमारे दोन मिनिटे दिसले. ग्रहणाचा पट्टा विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर येऊन ईशान्येकडे गेला होता व इंदापूरही त्याच्या मध्यरेषेपासून दूर नव्हते. परंतु अवजड उपकरणे न्यावयाची तर आगगाडी हवी. इंदापुरास ती नव्हती. बारामतीस ती १९१४ मध्ये पोहोचली. निरीक्षकांच्या छावण्या जेऊरला पडल्या त्या याच कारणाने, असे मानण्यास प्रत्यवाय नसावा. कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेचे कॅम्बेल तेथे आले होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे संचालक कावसजी दादाभाई नायगमवाला हेही आले होते. नायगमवालांचा विस्तृत अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

या ग्रहणाचा क्वासारांशी संबंध काय, अशी पृच्छा होणे स्वाभाविक आहे. तो संबंध वर्णपटातील अनोळखी रेषांच्या द्वारे येतो.

सूर्याच्या किरीटात एक हिरवी रेषा १८६९ पासून ठाऊक होती. ती पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'कोरोनियम' नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. १८९८ च्या निरीक्षणांनी या रेषेची पूर्वी मानलेली तरंगलांबी चुकीची ठरवली व ती ५३०३ अँगस्ट्रॉमच्या आसपास निश्चित केली. गूढ मात्र कायम राहिले. अशा कल्पनेस हेलियमचा आधार होता. १८६८ मध्ये दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून लॉकयर यांनी नवे मूलद्रव्य सुचविले होते आणि १८९५ मध्ये रॅम्झे यांना ते पृथ्वीवर सापडले. (हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ही समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती निराधार होय. लॉकयर विजयदुर्गास आले ते १८९८ मध्ये. १८६८ मध्ये ते इंग्लंडातच होते.) एकदा फळलेली युक्ती पुन्हा वापरण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही आवरत नाही.

नायगमवालांचे महत्त्वाचे कार्य आमच्या मते जेऊरच्याही आधीचे आहे. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात ५००७ अँगस्ट्रॉमजवळ एक ठळक रेषा आहे. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड आहे, असे लॉकयर यांचे प्रतिपादन होते व त्यांची उल्काविषयक उपपत्ती बऱ्याच अंशी त्यावर उभी होती. पुण्याची वेधशाळा वर्णपटविषयक असावी या निर्णयामागे लॉकयर यांचाच सल्ला होता. असे असता १८९१ मध्ये नायगमवालांनी वेध घेऊन कळविले की ही रेषा बारीक व दोन्ही बाजूंनी रेखीव आहे. पट्ट्याचे लक्षण तिच्यात नाही. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच मताविरुद्ध साक्ष देणे सोपे नव्हते. ही साक्ष टिकली. रेषा 'नेब्युलियम'ची मानली गेली खरी, पण १९२७ मध्ये बोवेन यांनी ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे दाखविले. प्रयोगशाळेत न साधणाऱ्या विरलतेतच ती ठळकपणे उमटते. पुढे ग्रोट्रियान व एड्लेन यांच्या कामाने कोरोनियमही निकालात निघाले: ते तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड होते, आणि त्यासाठी किरीटाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असावे लागते. दोन्ही वेळा द्रव्य परिचितच निघाले. अपरिचित होती ती त्याची अवस्था.

क्वासारांच्या बाबतीत तेच घडले. ३सी २७३ या रेडिओ-उद्गमाचे स्थान १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथून चंद्राच्या पिधानांवरून अचूक मिळाले व तेथे ताऱ्यासारखा एक बिंदू आढळला. त्याच्या रेषा कशाशीही जुळेनात. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी ओळखले की त्या हायड्रोजनच्याच असून सुमारे १६ टक्क्यांनी तांबड्याकडे सरकल्या आहेत. म्हणजे हा बिंदू दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून दूर असूनही एवढा तेजस्वी! या ताम्रसृतीचे कारण विश्वाचे प्रसरण हेच असले पाहिजे काय, ही शंका जयंत नारळीकर यांनी हॉयल व अर्प यांच्यासह दीर्घकाळ जागती ठेवली. बहुसंख्यांनी ती स्वीकारली नाही. प्रचंड वस्तुमानाच्या कृष्णविवरात पडणारा तप्त वायू हाच या तेजाचा उगम, असे आज मानले जाते. आणि अशा कृष्णविवरांभोवतीचा वायू ओळखण्याच्या प्रमुख खुणांपैकी एक आहे ऑक्सिजनची तीच ५००७ ची रेषा.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली व तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुणे जिल्ह्यात दूरच्या आकाशाचे मोठे काम पुन्हा सुरू झाले ते जुन्नर तालुक्यातील खोडद येथे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. त्या परिसरातील कुकडीचे पाणी घोड नदीतून भीमेला मिळते व इंदापूरच्या सीमेवर उजनीच्या जलाशयात साठते. २०२० मध्ये या दुर्बिणीच्या साहाय्याने ७,६५३ दूरस्थ दीर्घिकांतील हायड्रोजनचे सरासरी प्रमाण मोजले गेले. मूळ रेषा २१ सेंटिमीटरची. खोडदला पोहोचेपर्यंत तिची तरंगलांबी सरासरीने दुपटीहून किंचित अधिक झाली होती.