आई गंगापुरी, काका आनंदवल्लीत

नाशिकहून गोदावरीच्या काठाने पश्चिमेला निघालं की आधी आनंदवल्ली लागते, मग गंगापूर. आज दोन्ही शहरात मिसळली आहेत. पेशवाईत मात्र माधवरावांवर हुकमत गाजवू पाहणारी दोन माणसं इथे राहिली: आनंदवल्लीत काका रघुनाथराव, गंगापुरात आई गोपिकाबाई.

1761 मध्ये माधवराव पेशवे झाले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. कारभार काकांच्या हाती. पुढच्याच वर्षी आळेगावला घरची यादवी थांबवण्यासाठी पुतण्याने काकांपुढे शरणागती पत्करली. सहा वर्षांनी, 1768 मध्ये, त्याच पुतण्याने धोडपला काकांचा पराभव करून त्यांना शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. धोडप नाशिक जिल्ह्यातलाच किल्ला.

आईशी झालेला दुरावा अधिक जिव्हारी लागणारा होता. मामा मल्हारराव रास्ते यांचा दंड माफ व्हावा, हा आईचा आग्रह माधवरावांनी मोडला आणि गोपिकाबाई गंगापूरला आल्या, असं सांगतात.

रणजित देसाई यांच्या 'स्वामी' (1962) या कादंबरीतला माधवराव या दोन नात्यांशिवाय समजतच नाही. लहानपणी ज्याच्या शब्दाला किंमत नव्हती, तो पुढे स्वतःचा शब्द फिरवायला तयार होत नाही. आप्तांशी तर तो परक्यांहून कठोर वागतो. पत्नी रमाबाईंजवळच काय तो मोकळा होतो. ही उकल देसाईंच्या कादंबरीचं खरं बळ आहे.

माधवराव 1772 मध्ये थेऊरला वारले. गोपिकाबाई 1788 पर्यंत जगल्या. नातू सवाई माधवराव यांनी दिवसभर कसं वागावं, याच्या सूचनाही त्यांनी लिहून पाठवल्या.